तिसरीच्या बाकावर देवश्री

८ जुलै, सोमवार

आज सकाळी प्रार्थना झाल्यावर मोठ्या मॅडमनी सूचनावही हातात दिली. नेहमीप्रमाणे वर्गावर्गांत फिरवली. मास्तर वाचतात, सही करतात, मी पुढच्या दारात जातो. आत काय लिहिलंय ते मी पाहत नाही. इंग्रजी अक्षरं ओळखतो, पण जुळवता जुळवता पुढचा वर्ग येतो.

सहावीच्या बाईंनी सही केली आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या बाकावरून माझी देवश्री हसली. मीही हसलो.

अकरा सह्या झाल्या. गेटजवळ व्हॅनवाले चाँद पाशा बसले होते. त्यांना कामापुरतं इंग्रजी वाचता येतं. त्यांनी वही सहज उघडली.

"व्यंकटराव, ये तुम्हीच फिरवली?"

"व्हय. काहून?"

"तुमच्या बेटीचं नाव हाय यात. उद्यापासून तिसरीत बसवायचं लिवलंय. इंग्रजी बोलता येत न्हाई म्हणून."

माझ्या लेकीला तीन वर्ग खाली उतरवलं, आणि तो हुकूम दारोदार मीच पोचवला.

९ जुलै

साखऱ्याच्या जिल्हा परिषद शाळेत देवश्री पाचवीपर्यंत पहिली यायची. मला इथं हिंगोलीत शिपायाची नोकरी लागली. कर्मचाऱ्याच्या मुलाला फी माफ, म्हणून तिला इथं घातलं. सगळं इंग्रजीत. येऊन महिना झाला नाही.

आज पाणी द्यायला तिसरीत गेलो. बाक लहान आहे. गुडघे आत मावत नाहीत, म्हणून ती आडवी बसली होती. शेजारचं लेकरू तिला दीदी म्हणत होतं. तिनं मान वर केली नाही.

१२ जुलै, शुक्रवार

मॅडमकडे गेलो.

"मामा, तिच्या भल्यासाठीच आहे. पाया कच्चा आहे तिचा."

"गणितं समदी बराबर येतात तिला."

"गणित इंग्रजीतच विचारतात ना. दिवाळीनंतर बघू. आणि फी माफ आहे, हे विसरू नका."

विसरलो नाही. रोज सातला येऊन बावीस खोल्या झाडतो, विसरेन कसा.

१३ जुलै

देवापुढे बराच वेळ बसलो. मागितलं काही नाही. माफी मागण्यासारखं काही चुकलंय असं वाटेना.

१८ जुलै, गुरुवार

पुन्हा सूचना आली. मी वही घेतली नाही. म्हणालो, आधी मराठीत सांगा काय आहे ते.

"शिपायाला मजकूर कशाला हवा?" मॅडम म्हणाल्या.

"मागच्या खेपेला माझ्याच लेकीचं मी फिरवलं, मॅडम. आता सांगितल्याशिवाय फिरवणार नाही."

क्लार्क हसला. मॅडम हसल्या नाहीत. शेवटी सांगितलं – शनिवारी अर्धी शाळा. एवढंच होतं. पण सांगावं लागलं.

१९ जुलै

शाळा सुटल्यावर देवश्री माझं कुलूप लावून होईपर्यंत थांबते. आज सूचनावही टेबलावर पडली होती. तिनं ते जुनं पान काढलं. बोट ठेवून, एकेक शब्द लावत, तिनं पूर्ण वाचलं. दोन शब्द अडले, ते पिशवीतल्या डिक्शनरीत पाहिले. मग मला मराठीत सांगितलं. स्वतःबद्दलचं. आवाज हलला नाही.

"बाबा, मला वाचता येतं. बोलताना पोरी हसतात, मग मी गप बसते."

"तिसरीतले हसत न्हाईत का?"

"त्यांना माझ्याशी बोलायचंच नसतं. ते खेळून राहतात."

२२ जुलै, सोमवार

हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, वाचणं वेगळं, बोलणं वेगळं.

मी म्हणालो, मग बोलायला तिच्या वयाच्या पोरी नकोत का? आठ वर्षांच्या लेकरांत बसून ती कोणाशी बोलेल?

"तुम्ही मला शाळा शिकवू नका, मामा."

शिकवत नव्हतो. विचारत होतो.

२३ जुलै

चाँद पाशा म्हणतात, सकाळी येताना व्हॅनमध्ये देवश्री पुढं बसते आणि दुकानांच्या इंग्रजी पाट्या मोठ्यानं वाचते. रोज. वर त्यांनाही म्हणायला लावते. "माझी बी शाळा घेऊन राहिली तुमची बेटी."

२६ जुलै, शुक्रवार

घरी बायकोला, कालिंदीला, सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता ऐकत होती.

"तुमी भांडाल, नोकरी जाईल. फी कुठून भरायची?"

"मोंढ्याच्या बाजारात हळदीची पोती उचलायला माणसं लागतात."

"पन्नाशीला आलात तुमी. कंबर बघा आपली."

"बघितली."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "तिला सहावीचं पुस्तक रोज दप्तरात न्यायला मीच सांगून राहिले. तुमाला कळू दिलं न्हाई."

अठरा वर्षं संसार झाला. ही बाई अजून मला कळायची आहे.

२८ जुलै

ठरलं. देवाला सांगितलं, परवानगी विचारली नाही.

२९ जुलै, सोमवार

पहिल्या तासाला तिसरीत गेलो. देवश्रीचा हात धरला, सहावीत नेलं, दुसऱ्या बाकावर बसवलं. बाईंनी खडू खाली ठेवला, पण अडवलं नाही. बाजूच्या पोरीनं सरकून जागा केली.

मग मॅडमकडे जाऊन सांगितलं – मी बसवलंय. उठवायचं असेल तर तुम्ही उठवा, सगळ्या वर्गासमोर.

शाळा सुटेपर्यंत कोणी उठवलं नाही.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"बरं," मी म्हणालो. "पोरगी येईल."