सुटली

१२ मार्च ७३, कर्जत
डॉक्टरांशी खडाजंगी. क्षयाच्या रोग्यांचे आमचे दोन गट, सुईवाले न् गोळीवाले. बंद पाकिटातून चिठ्ठी निघेल तो गट. कोणता उपाय सरस, ते आता ठरायचं, आकडेमोड माझ्याकडे. डॉ. म्हणतात, मधेच औषध सोडलेले वगळा, टिकलेल्यांवरच टक्केवारी काढा. तसं केलं की सुई जिंकते. माशी काढून दूध दाखवायचं, असला हिशोब. मी म्हटलं, जो ज्या चिठ्ठीचा, तो शेवटपर्यंत त्याच गटात. का गेला ते आधी बघू. त्यांनी दौत भिंतीवर फेकली. मी टेबल उलथवलं. डोकं अजून तापलेलंच.

१३ मार्च
वहीत सोडून गेलेल्यांपुढे 'सुटला', 'सुटली'. शब्द माझाच, लिहायला सोपा म्हणून. सुईवाल्यांतच जास्त. घरोघर चौकशीला बबन जातो. त्याला विचारलं, ही सुईवाली गयाबाई का सुटली?
"घरच्यांनी म्हनलं ते लिवलं. म्हनले, सुटली बिचारी."
मी म्हटलं, अरे, मेलेल्या माणसाला म्हणतात तसं.
"मला ठावं हाय. पन तुमीच म्हनला हुता ना, सुटली असंच लिवायचं."
गचांडी धरून त्याला कपाटावर आपटला. ओठ फुटला त्याचा. चूक माझी, मार त्याला. लाज वाटते.

१५ मार्च
बबनला घेऊन गयाबाईच्या वाडीला. नवरा भिवा दुष्काळी कामावर खडी फोडत होता. तिचं नाव काढताच हातोडी घेऊन उठला. "सुया टोचून टोचून भैरी केली तिला. सुरुंग लावला, समदी पळाली. म्या बोंबलत हुतो. तिला ऐकूच आलं न्हाई." दगड थेट तिच्या कपाळात बसलेला.
मग म्हणाला, "लिवतूस ना? ह्याच हातानं?" आणि घाव माझ्या मनगटावर. बबनने मागे ओढलं नसतं तर दुसरा डोक्यात होता.

१७ मार्च
उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्याने लिहितोय, कोंबडीचे पाय. डॉ. म्हणाले, "सुरुंगाने मेली, औषधाने नाही. वगळा. अहवाल परवा जाणार." म्हटलं, बहिरी कशाने झाली? सुईने कान जातात, तुम्हाला माहीत आहे. ते वही ओढायला लागले. प्लास्टरचाच हात त्यांच्या छातीत घातला. कळ मस्तकात गेली, पण वही माझ्याकडे. 'सुटली' खोडून लिहिलं, 'मेली. सुई.'

१८ मार्च, रविवार
बाकीच्या 'सुटलेल्यां'च्या घरी निघालो. बबन आपणहून आला, ओठ सुजलेलाच. "काठी घिऊ का संगं?" नको म्हटलं.
पहिल्याच दारात म्हातारी. मुलाचं नाव घेतलं. "सुटला," म्हणाली.
मी विचारलं, "आजी, कशातून?"
तिने माझ्या हाताकडे बघितलं. आत जाऊन पोतं आणलं, अंथरलं. आम्ही बसलो.