फियाटचा तळ कापण्याआधी

छावणी, मे २०१६

प्रिय सावनी,

फोनवर मी भांडतो, म्हणून लिहितोय. देवेशचं स्थळ आलंय एवढंच सांगून तू फोन ठेवलास. त्यानंतरचे माझे मेसेज वाचले नसशील तर बरंच.

परवा तुझे बाबा गॅरेजवर आले. मुकुंदकाका, स्वतःहून, भर उन्हात, चिकलठाण्याहून इथं! मी कॉलेज सोडलं तेव्हा याच काकांनी मला फाटकाबाहेर काढलं होतं. आणि आता म्हणाले, "सोमनाथराव, आमची फियाट जरा बघता का? दुरुस्त करण्यात अर्थ आहे की भंगारात द्यावी, एवढं सांगा." राव! गॅरेजवाला सांडूमामा हात पुसत माझ्या कानाशी पुटपुटला, "जपून रं भाच्या. शिव्या देनारा मानूस राव म्हनाया लागला की आपला खिसा चाचपावा."

गेलो तर तू घरात नव्हतीस. काकूंनी चहा दिला, तोही घरातल्या कपबशीत. पूर्वी मला पायरीवर स्टीलचा पेला मिळायचा. कपबशी बघून माझा संशय पक्काच झाला. चहा तसाच ठेवून मी गाडीकडं वळलो. पत्र्यातले खड्डे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून लपवलेले असले की तिथं चुंबक धरत नाही, म्हणून आधी चुंबक फिरवलं. सगळीकडं चिकटलं. चाकांच्या कमानीला गंज होता, पण जुन्या गाडीला तेवढा असतोच. मग मागच्या सीटखालची चटई उचलली आणि पेचकस टेकवला, तर तो पापडातून जावा तसा आरपार गेला. तळ पार खाल्लेला! आपल्याकडं तीन वर्षं धड पाऊस नाही, मग गाडी आतून सडली कशी? मला वाटलं, काकांनी कुठली तरी पुरात बुडालेली गाडी गळ्यात मारून घेतली आणि आता ती माझ्या गळ्यात मारतायत.

मी तसं बोललोही, जरा आवाज चढवूनच. काकूच म्हणाल्या, "अहो, सांगून टाका की! शेजारी ती टोलेजंग बिल्डिंग उठली आणि आपली बोअर आटली. नळ आठवड्यानं यायचा. अंगणातलं पाणी शेजारचे चोरतात म्हणून यांनी कॅन भरून गाडीत ठेवले, वर कुलूप. किल्ली जानव्याला!" काका चिडले, "चोरायचेच ते!" कॅन ठिबकत राहिले आणि कुलपाआड गाडी गंजत राहिली. मला हसू आलं, पण हसलो नाही. संशयाच्या बाबतीत तुझे बाबा आणि मी एकाच मापाचे.

इंजिन मात्र शाबूत आहे. गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे, सावनी. पण मनात एकच घोळत होतं. हे वरातीसाठी तर नाही? माझ्याच हातानं गाडी चकचकीत करून घ्यायची आणि तीत बसवून तुला देवेशकडं धाडायचं! म्हणून मी मुद्दाम म्हणालो, "काका, तळ कापून नवा पत्रा जोडावा लागेल. पुढचा उन्हाळा उजाडेल. कार्याला मिळणार नाही. घाई असेल तर दुसरा मिस्त्री बघा."

काका टायरकडं बघत म्हणाले, "घाई कुणाला आहे?" काकू पटकन आत गेल्या.

तेव्हापासून हेच चघळत बसलोय. घाई नाही म्हणजे स्थळ मोडलं? की वरातीला दुसरी गाडी ठरली, आणि मला वर्षभर याच गाडीखाली अडकवायचं ठरवलंय? की माझं नाव तूच सुचवलंस? सरळ विचारायची हिंमत काकांपुढं झाली नाही. उगाच ओरडून बसलो असतो.

म्हणून तुला लिहितोय. येत्या रविवारी मी तळ कापतोय. एकदा कापला की गाडी वर्षभर फाटकाबाहेर पडत नाही, आणि मी रोज तुमच्या अंगणात असेन. तुझं लग्न ठरलं असेल तर त्याआधी एक फोन कर. मी पानेबिने गोळा करीन, भांडणार नाही. आणि ठरलं नसेल तर फोन करू नकोस. आजवर तुझा फोन आला नाही की मी चिडायचो. रविवारपर्यंत मात्र तो वाजू नये म्हणून जीव मुठीत धरून बसेन.

अजून तरी तुझाच,
सोमनाथ