वाडीचा टँकर

माय, काल आमच्या कॉलनीतल्या लोकांनी मला निवेदन लिहायला बसवलं. याचा जन्म कचेरीत गेला, अर्जाची भाषा यालाच येणार, असं त्यांचं म्हणणं. लातुरात यंदाही पाणी नाही. "दबाव आणला की टँकर आधी आपल्याकडं," एक जण म्हणाला, आणि माझं पेन तिथंच थांबलं. तुझी फार आठवण आली.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हा. त्यासाठी लोकांनी किती वर्षं मोर्चे काढले, बंद पाळले. मग गावोगाव तेच शहाणपण पसरलं. तूही म्हणायचीस, "वरडल्याबिगर सरकारला आयकू येत न्हाई." मी तहसील कचेरीत नवा कारकून, टँकरच्या याद्या माझ्याच टेबलावर. आणि एका भर दुपारी फाटकात तू, मागं गावातल्या तीसेक बाया, रिकाम्या घागरी बडवत. मला लाजही वाटली आणि अभिमानही. निवेदन माझ्या हातात देऊन तू दुसरी प्रत पुढं केलीस.

"पोच दे."

"माय, मी तुझा लेक हाय."

"लेक घरी. हितं शिक्का मार."

तुला अक्षर येत नव्हतं, पण शिक्क्याशिवाय दिलेला कागद म्हणजे न दिलेला कागद, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी टँकर आला. साहेबांनी यादी फिरवली, असं मी तुला सांगितलं. तो टँकर शेजारच्या वाडीचा होता, हे नाही सांगितलं. पंधरा घरांची वाडी; तिला ना पुढारी, ना मोर्चा.

चार दिवसांनी वाडीच्या बाया आपल्या रांगेच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. आपल्या बाया कुरकुरल्या. तू स्वतःची घागर मागं घेतलीस. "आधी ह्यांच्या भरा. ह्यांचा टँकर बंद पडला असंल." मग माझ्याकडं वळलीस, "काय झालं रं त्यांच्या टँकरला?" मी म्हणालो, "बघतो." पुढच्या मोर्चात त्या तुझ्याबरोबर होत्या. निवेदनात दोन्ही नावं होती, तुझ्या हट्टानं वाडीचं वर. मग दोन टँकर सुरू झाले.

अशा दबावानं लोकशाही टिकते की बिघडते, यावर आमच्या पारावर रोज वाद होतो. तुझा मोर्चा नसता तर गाव तहानेनं तडफडलं असतं; तुझा मोर्चा निघाला म्हणून वाडी तडफडली. पण तू मागं वळून पाहिलंस, आणि तेवढं फार थोडे लोक करतात.

काल मीही निवेदनात नाल्यापलीकडच्या वस्तीचं नाव आमच्या वर घातलं. लोकांनी नाकं मुरडली, पण सह्या केल्या.

माय, एक राहिलंच. साहेब त्या दिवशी दौऱ्यावर होते. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. वाडीचं नाव मीच खोडलं, कारण तू उन्हात उभी होतीस.