कपाट कलवण्याआधी

ता. ४ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं ‘बरं बरं’ म्हणून फोन मामीकडे देता, म्हणून सविस्तर लिहिते. जिउ-जित्सू कुस्तीच्या वर्गात तुमच्या भाचीची अब्रू चटईवर सांडली आहे.

आमच्यात पाठीवर पडून समोर गुडघ्यांवर बसलेल्याला पायांत अडकवून ठेवतात, त्याला गार्ड म्हणतात. तिथून त्याला उलटवून आपण वर बसायचं, तो स्वीप. एका हातात त्याची कॉलर, दुसऱ्यात बाही. कुशीवर वळून एक नडगी त्याच्या पोटावर आडवी, दुसरा पाय जमिनीलगत त्याच्या गुडघ्याशी, आणि मग पाय कात्रीसारखे फिरवायचे. माझे फिरतात हो, पण माझ्या जोडीचे बेकरीवाले ढिम्म! माणूस सज्जन, वजन माझ्या दुप्पट, आणि ऐन वेळी जमिनीवर हात टेकवून सावरतात.

या स्वीपच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. चौदा तारखेला शनिवारी पुन्हा झाले, तर सर मला नवख्यांच्या तुकडीत बसवणार. आठ महिने घाम गाळून! मग मी जाणंच सोडीन, आणि त्याचं मला फार वाईट वाटेल.

तुम्ही जन्मभर लोकांची कपाटं हलवलीत. काही युक्ती असली तर कळवा. मामीला नमस्कार. माझी हाडं शाबूत आहेत तोवर लोभ असू द्या.

तुमची,
मुंगी

ता. ७ जून

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मामी पोट धरधरून हसली. मला मात्र रागच आला. माझ्या टेम्पोवर लहानाची मोठी झालीस आणि भरलेलं कपाट ढकलतेस? आधी त्याला आपल्याकडे ओढ. बूड टाचांवरून सुटून भार तुझ्यावर आला, की मगच पाय फिरव. आणि ज्या हाताने तो टेका घेतो, त्याच हाताची बाही मरेस्तोवर सोडू नकोस.

आता एक शंका. त्याला ऐन वेळ कळते कशी? उलटवण्याआधी तू काही बोलतेस का? आपल्या टेम्पोचा नियम तुला ठाऊक आहे: ‘कलतंय, सांभाळा’ असं ओरडल्याशिवाय वस्तू कलवायची नाही. मी एकदाच विसरलो, तर मामीच्या भावाचं बोट चेपलं आणि सासुरवाडीने दोन वर्षं अबोला धरला. बाई गं, ती सवय तिथे तर नेली नाहीस ना?

तोंड मिटून ठेव. आमची माया आहेच, ती काही हरण्या-जिंकण्यावर नाही.

तुझा मामा

ता. १५ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

नेली होती! आठ महिने मी दर वेळी ‘कलतंय, सांभाळा’ म्हणत होते आणि मला पत्ताच नव्हता. बेकरीवाल्यांना तो माझा सुसंस्कृतपणा वाटायचा, म्हणून तेही सांभाळायचे.

काल ओठ आवळून घेतले. ओढलं, भार आला, बाही धरून ठेवली आणि पाय फिरवले. बेकरीवाले पोत्यासारखे आडवे, मी वर! त्यांनी सरांकडे तक्रार केली, की ही सांगेल म्हणून ते थांबले होते. सरांनी हसू आवरत मला पास केलं. मामा, मला तिथेच रडू आलं.

मामीला हे वाचून दाखवा. असाच जीव लावत राहा.

तुमची,
मुंगी

ता. १९ जून

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर मी लिहिते आहे, कारण मामा पडून आहेत. काळजी नको, दुखावला आहे तो फक्त त्यांचा मान. तुझं पत्र वाचताच त्यांनी मला चटईवर नेलं. कपाटाचं शास्त्र आपल्याला समजावतात म्हणून मी बिचारी बनून ऐकत होते. त्यांचं झाल्यावर माझी पाळी आली. तुझी पत्रं मी त्यांच्याआधी फोडून वाचते, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

 उलटे झाल्यावर म्हणाले, की उगाच मुंगीला शिकवलं.

त्यांचा लोभ सध्या शेकत ठेवला आहे, तूर्त माझाच घे. शनिवारी मी तुमच्या वर्गाला येते आहे. नवख्यांची तुकडी मला चालेल. बेकरीवाल्यांना आधी काही सांगू नकोस.

तुझी मामी