आकस्मिक भेटीची पूर्वसूचना

४ जानेवारी
आजपासून शहराचं पाणी माझ्या ताब्यात. म्हणजे पाणी कंपनीच्या देखरेख समितीवर नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली. कंपनी शंभर टक्के सरकारी, सरकार जनतेचं आणि जनतेच्या वतीने मी. हिला हे समजावून सांगितलं. ही म्हणाली, मालक, आधी बाथरूमचा गळका नळ बदला.

संकल्प : महिन्याभरात ताईकडे पाणी. माझी थोरली बहीण चौथ्या मजल्यावर एकटी राहते. गुडघे गेलेत आणि पाणी तळमजल्याच्या वर चढत नाही. भाची तिला परगावी आपल्याकडे न्यायला टपलेली. ताईला घर सोडायचं नाही. तिला म्हटलं, आता मी आहे ना. म्हणाली, तेवढ्यावरच थांबलेय.

१७ जानेवारी
पहिली बैठक. प्रत्येकापुढे विकतच्या पाण्याची बाटली. मी बाणेदारपणे नळाचं पाणी मागितलं. शिपाई गेला तो बऱ्याच वेळाने आला, म्हणाला, नळाला पाणी नाही. बाटली घेतली. तत्त्व होतं, पण घसाही होता.

ताईचा विषय मांडला. मुख्य अभियंता म्हणाले, नोंद घेतली. आवाज इतका मऊ की काम झाल्यासारखंच वाटलं.

२ फेब्रुवारी
समितीचे अधिकार वाचून काढले. कंपनीला आदेश देता येत नाही. सरकारच्या पाणीपुरवठा खात्याला विनंती करता येते. खातं ती अभिप्रायासाठी खाली पाठवतं. यंत्रणा चोख आहे. विनंती पाठवली.

११ फेब्रुवारी
ताई जिन्यात पडली, भरल्या बादलीसकट. मुका मार, हाड वाचलं. भाचीचा फोन. मामा, तुझी समिती करते तरी काय, असं विचारलं. शांतपणे म्हटलं, देखरेख. तिने फोन ठेवला. लाइन खराब असावी.

१९ फेब्रुवारी
खात्याकडून लिफाफा. आत माझीच विनंती, समितीच्या अभिप्रायासाठी. अभिप्राय दिला : विनंती रास्त आहे. आता आम्ही दोघं झालो. बाजू भक्कम.

५ मार्च
फार झालं. ताईच्या इमारतीला आकस्मिक भेट देणार. नियमाप्रमाणे आकस्मिक भेटीची सूचना आठवडाभर आधी द्यावी लागते. दिली. तारीख, वेळ, मजला, सगळं स्वच्छ लिहिलं. नंतर सबब नको.

१३ मार्च
जिंकलो. ताईच्या नळाला असा जोर की तिच्या हातातून बादलीच सुटली. खाली व्हॉल्व्हपाशी चावीवाला उभा होता, त्याने अदबीने नमस्कार केला. याला म्हणतात दरारा.

ताईने घागर, पातेली, कुकर, चहाचं भांडं, काही म्हणून रिकामं सोडलं नाही. म्हटलं, कशाला एवढं? म्हणाली, उद्याही येईल ना रे? म्हटलं, मी सही केलीये. पाहणीच्या अहवालावर : पुरवठा समाधानकारक. मुख्य अभियंत्यांनी स्वतःचं पेन दिलं.

१४ मार्च
ताईचा नळ कोरडा. किरकोळ बिघाड असणार.

संध्याकाळी ताईच्या मागच्या गल्लीतली माणसं आमच्या दारात. काल दिवसभर त्यांची चावी बंद ठेवून सगळं पाणी ताईच्या इमारतीकडे वळवलं होतं म्हणे. कारण विचारलं तर चावीवाला म्हणाला, साहेबांची आकस्मिक भेट आहे. हिने त्यांना सांगितलं, साहेब आतच आहेत. मी मागच्या खोलीत होतो. पुष्कळ वेळ होतो.

१७ मार्च
भाची आली आणि ताईला घेऊन गेली. गाडीत बसताना किल्ली दिली. म्हणाली, त्या दिवशीचं पाणी भांड्यांत आहे, गॅलरीतल्या कुंड्यांना घालत जा, पुरवून. म्हटलं, महिन्याभरात परत आणतो तुला. तिने काच वर केली.

२८ मार्च
बैठक. ताईचा विषय पुन्हा काढला. मुख्य अभियंत्यांनी माझी सही दाखवली. समाधानकारक शेरा पडला की वर्षभर त्या जागेची तक्रार घेता येत नाही. म्हटलं, शेरा माझाच आहे, मागे घेतो. म्हणाले, नोंद घेतली.

निषेध म्हणून बाटली उघडली नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर हिला म्हटलं, बाथरूमचा नळ या रविवारी नक्की. ही म्हणाली, नोंद घेतली.

९ एप्रिल
ताईच्या घरी गेलो. सवयीने नळ सोडून पाहिला. घागर आणि पातेली केव्हाच संपली. कुकरच्या तळाशी थोडं होतं, ते कुंड्यांना घातलं. तेवढ्यात तिचाच फोन. कुंड्या कशा आहेत म्हणाली. हिरव्यागार आहेत म्हटलं. पाणी येतं का, हे तिने विचारलं नाही.

समाधानकारक पुरवठा आज संपला. उद्यापासून घरून बादली आणून चार मजले चढवायची.