भिंतीवरचे पणजोबा

बोरी बुद्रुक,
भाद्रपद वद्य दशमी

तीर्थस्वरूप कुशाबामामांस,
सूरजचा साष्टांग दंडवत. मामींचा गुडघा आता कसा आहे ते सवडीने कळवावे. इकडे आई ठीक, आबा ठीक, म्हैस ठीक. मीच तेवढा ठीक नाही, आणि त्याला कारण तुमच्या पुण्यातली लायब्ररी आहे. (तुमच्याकडे बोट नाही. तुम्ही फक्त तुमचं कार्ड दिलंत.)

आमच्या ओसरीवरचा पणजोबांचा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. पांढरी दाढी, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, खांद्यावर घोंगडी आणि वर चंदनाचा हार. फोटो म्हणजे खरं तर हाताने काढलेल्या चित्राची छापील प्रत. शिवनेरी बघायला आलेल्या कुणा गोऱ्या साहेबाने पणजोबांना बांधावर बसवून ते काढलं आणि मागाहून छापून पाठवलं, असं घरात पहिल्यापासून सांगतात. यंदा आबांनी शाळेला एक खोली बांधून दिली. दसऱ्याला तिला पणजोबांचं नाव द्यायचं आणि तेच चित्र दगडात कोरून दारावर बसवायचं ठरलं आहे. आबा त्या दगडाबद्दल झोपेतसुद्धा बोलतात. गुरुजी म्हणाले, चित्रकाराचंही नाव कोरू. चित्राच्या कोपऱ्यात पुसट इंग्रजी अक्षरं आहेत. घरात बारावीत गेलेला मी एकटा (बारावीतून बाहेर आलो नाही, पण गेलो होतो), म्हणून शोधकार्य माझ्याकडे आलं.

आधी जवळच्या वाचनालयात गेलो. तिथल्या चित्रकलेच्या कपाटात रांगोळी, मेंदी आणि भरतकाम. ग्रंथपाल संपतराव म्हणाले, “साहेब नाय घावायचा इथं. मेंदी बघतो का?” मग तुमचं कार्ड घेऊन पुण्याला. आत जाताना चपला दाराशी काढल्या. बाकी सगळे बूट घालून बसले होते, हे नंतर दिसलं. (निघताना चपला घालू लागलो तर शिपाई म्हणाला, ठेवा त्या, कुणाच्या तरी आहेत.) लाकडी खणांत पुस्तकांच्या नोंदींची कार्डं लावलेली होती. मी कोपऱ्यातली अक्षरं भिंगाने बघून वहीत उतरवून नेली होती, ती प्रत्येक कार्डाशी ताडून पाहिली. शेवटी जमलं. लुडविक हामरलंड. नॉर्वेचा, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा, आणि मुख्यतः गायींचा. माणसाने जन्मभर गायी रंगवल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, याचं पुस्तक आजवर कुणी मागितलं नव्हतं, पीएचडी करताय का? मी म्हटलं, नाही, पणजोबा करतोय.

पुस्तकात पानामागून पान गायी. (त्यातली एक हुबेहूब आपली कपिला, फक्त मागे बर्फ.) आणि एकदम पणजोबा! तीच दाढी, तीच घोंगडी. मामा, मी एवढ्या मोठ्याने “आमचे आहेत!” म्हणालो की बाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. तिथे बसून, शब्दकोश घेऊन, चित्राखालची ओळ एकेक शब्द लावून वाचली. अर्थ असा निघाला: चित्रकाराने स्वतःच काढलेलं स्वतःचं चित्र. मी तीनदा वाचलं. पणजोबा नॉर्वेला जाऊन आले असतील का, हाही विचार करून पाहिला. ते ओतूरच्या पुढे गेल्याचं कुणी सांगत नाही.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही हार घालतो, नैवेद्य दाखवतो, परीक्षेला निघताना पाया पडतो, ते एका नॉर्वेच्या गायीवाल्याच्या. (माझा बारावीचा निकाल तसा का लागला, याचा उलगडा झाला.)

घरी येऊन गप्प राहिलो. आणि आली पित्रं. आबांनी फोटोपुढे पान वाढलं, मग पत्र्यावर नेऊन ठेवलं. कावळे लिंबावर बसलेले, पण एकही शिवेना. आबा हात जोडून म्हणाले, “दसऱ्याला तुमचं नाव दगडात कोरतोय.” कावळा ढिम्म. “सूरजचं लगीन करतो.” ढिम्म. शेवटी आबा खालच्या आवाजात म्हणाले, “बांध जरा सरकलाय, त्यो मागं घेतो.” तोच शेजारचा गेणूकाका भिंतीपलीकडून ओरडला, “ऐकलं बरं का चांगदेवराव! कावळा नसंना, साक्षीला मी हाय!” तरी कावळा हलेना. आबांचा चेहरा उतरला. म्हणाले, “काय चुकलं आपलं?” मला ते बघवेना. चूक कुठे आहे हे ठाऊक असलेला मी एकटाच. आत गेलो, चहाबरोबर खायला आणलेला पाव घेतला, लोणी फासलं आणि पानाच्या कडेला ठेवला. हात मागे घेतो न घेतो तोच कावळ्याने पाव उचलला.

आबा माझ्याकडे वळले. “आज्याला पाव कवापासून आवडाया लागला?” साळूआत्या पुरण वाढता वाढता म्हणाली, “सायबासंगं बसला व्हता न्हवं बांधावर? लागली आसंल सवय.”

इति वृत्तांत. मामींना नमस्कार, आरोहीला आशीर्वाद.

आपला भाचा,
सूरज

ता. क. – साळूआत्याचं म्हणणं पडलं, की पणजोबा एकटेच टांगलेत, पणजीचा फोटो नाही हे बरं दिसत नाही. त्या पुस्तकात चित्रकाराच्या बायकोचंही चित्र आहे. त्याची रंगीत झेरॉक्स मिळेल का? टोपी आली तरी चालेल, वर पदर रंगवून घेता येईल. खरं तर पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं.

ता. क. २ – झेरॉक्स तूर्त काढू नये. पाकीट चिकटवायच्या आत पाथरवट फोटो न्यायला दारात आला, आणि दगडावर कायमचं खोटं कोरलं जाणार म्हणून माझा धीर सुटला. आबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आबा फोटोपाशी जाऊन एकदा नीट बघून आले. मग पाथरवटाला म्हणाले, “नुसतं नाव कोर बाबा, चित्राचं ऱ्हाऊ दे.” तो गेल्यावर मी फोटो उतरवायला स्टूल आणलं. आबांनी विचारलं, “पोरंबाळं व्हती का रं ह्याला?” मी म्हटलं, नव्हती, पुस्तकात तसं लिहिलंय.

आबांनी स्टूल पायाने बाजूला सारलं. “मग ऱ्हाऊ दे वर. पान कोन ठिवनार त्याला?”

ता. क. ३ – झेरॉक्स काढावी. टोपीसकट.