पहिला भोंगा माणसाचा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चोपन्न, धंदा कपडे धुण्याची मशिनं दुरुस्त करणे, शिक्षण चौथी (पाचवीत बसले होते, पण मास्तरांना मी झेपले नाही), पूर्ण शुद्धीत आणि माझ्या नेहमीच्याच डोक्याने हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. तेवढी हिंमत आजवर कोणाची झालेली नाही. समोर वकील बसला आहे, तो फक्त ‘सदर’ कुठे घालायचे ते सांगतो.

सोमवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, अगदी साधं ऑपरेशन. मी विचारलं, एवढं साधं आहे तर आधी माझ्या सह्या कशाला घेतल्या? तर हसले. म्हणून मीही आधीच सही करून ठेवते. मरणाचं मला काही नाही. काळजी एकच आहे. माझा नवरा वर्षभर होडीत बसलेला नाही, आणि मी गेले तर तो खिडकीतल्या त्या खुर्चीतून उठायचाच नाही.

कलम १. सदर मृत्युपत्र वाचायला बसाल तेव्हा ठरल्या वेळेला सुरुवात करावी. माझा नवरा त्या वेळेला आलेला नसेल. लग्नाच्या नोंदणीलाही आला नव्हता, कारकून जेवायला उठला तेव्हा आला. कलम दोन आणि तीन तो यायच्या आत वाचून संपवावीत. त्यातलं एक अक्षर त्याच्या कानावर जाता कामा नये.

कलम २. सदर पेटी मी बनवली आहे आणि ती शिडाच्या होड्यांची शर्यत सुरू करते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शिडाची होडी सुटायच्या रेघेवर उभी राहत नाही, वारा राहू देत नाही. म्हणून पाच मिनिटं उरली की एक भोंगा, चार उरली की दुसरा, एक उरलं की तिसरा, आणि चौथ्याला सुटायचं. तोवर सगळे रेघेमागे गिरक्या घेत एकमेकांचा उद्धार करतात. पूर्वी हे काम भोंगेवाले भावजी करायचे, एका हातात घड्याळ, दुसऱ्यात भोंगा. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे लहानपणापासूनचे मित्र.

नवरा दर रविवारी शेवटचा यायचा आणि जेवताना सांगायचा, “भोंगेवाल्याने आजही लवकर वाजवला. मुद्दाम. मी रेघेवर पोचायच्या आत.” ताटातलं गार व्हायचं, तक्रार गरमच राहायची. शेवटी मी म्हटलं, “थांब, असा भोंगा करते की तो कोणाचा मित्रही नसेल आणि वैरीही.”

मोडीत आलेल्या एका मशीनचा टायमर काढला. त्याच्या आत खाचा पाडलेल्या चकत्या असतात. चकती फिरते, एक खाच आली की पाणी सुटतं, पुढची आली की ड्रम फिरतो. मी जुन्या खाचा बुजवल्या, माझ्या हिशोबाने नव्या पाडल्या, पाण्याच्या जागी ट्रकचा भोंगा जोडला आणि स्कूटरची बॅटरी लावली. पहिल्या रविवारी चारही भोंगे बिनचूक वाजले, होड्या सुटल्या, मी हात झटकले, आणि पेटी पिळायला लागली. कपडे पिळायची शेवटची खाच बुजवायची राहून गेली होती. भोंगा थांबेचना. सुटल्यावर पुन्हा भोंगा झाला तर सगळ्यांनी परत यायचं असा नियम, त्यामुळे सगळे दात-ओठ खात परत आले. एकटा माझा नवरा खूश होता, कारण तो अजून निघालाच नव्हता.

पुढच्या रविवारपासून पेटी चुकलेली नाही. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, “बाई, एक थांबवायचं बटण बसवा. प्रमुख पाहुण्यांना कधी उशीर होतो.” मी म्हटलं, “पाहुण्यांना लवकर निघायला सांगा.” बटण नाही. माझ्यामागेही कोणी बसवू नये. बसवल्यास मी येऊन काढीन.

कलम ३. पेटीने नवऱ्याची तक्रार मिटवली. उशीर मात्र मिटला नाही, वाढला. पूर्वी शेवटचा का होईना, घोळक्याच्या शेपटीला तरी असायचा. आता चौथा भोंगा व्हायचा तेव्हा हा धक्क्यापाशी दोरीची गाठ सोडवत असायचा. एकदा सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले, “काय हो, आता पेटीनेही तुमच्याशी वैर धरलं वाटतं?” सगळे हसले. मीही हसले, विनोद चांगला होता. नवरा घरी आला, जेवला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने होडी अंगणात पालथी घातली.

कुरकुरणारा नवरा परवडतो. गप्प नवरा म्हणजे बंद पडलेलं मशीन, आत काय गेलंय ते बाहेरून कळत नाही.

मग एका दुपारी भोंगेवाले भावजी दुकानात आले. मशीन काही बिघडलेलं नव्हतं, तरी स्टुलावर बसून राहिले.

“वहिनी, पेटीला जरा थांबायला शिकवता येईल का?”

“का? पाहुणे येणार आहेत?”

“नाही हो. त्याच्यासाठी. मी थांबायचो ना.”

“कोणासाठी?”

“तुमच्या ह्यांच्यासाठी. त्याचं शीड रेघेजवळ दिसेपर्यंत मी चौथा भोंगा वाजवतच नव्हतो. बाकीचे सगळे माझ्या नावाने खडे फोडायचे.”

“आणि हा?”

“हाही फोडायचा. लवकर वाजवला म्हणून.”

“मग तोंड उघडून सांगता येत नव्हतं?”

“सांगितलं असतं तर तो पुन्हा आलाच नसता.”

म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं शर्यतीत लबाडी करत होता, तीही माझ्या नवऱ्याच्या बाजूने, आणि शिव्या दोन्हीकडून खात होता. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, लबाडी ती लबाडी. जो वेळेत रेघेवर आला त्याने का ताटकळायचं? पेटी बदलणार नाही. आजही माझं म्हणणं तेच आहे. भावजी उठले, जाताना म्हणाले, “पेटी चांगली आहे वहिनी. फक्त तिला मित्र नाही.” असली वाक्यं माझ्या दुकानात चालत नाहीत, हेही सांगितलं.

कलम ४. इथपर्यंत नवरा आलेला असावा. नसल्यास पाच मिनिटं थांबावं. त्यानंतर थांबू नये.

घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या आणि अंगण, नवऱ्याला. बँकेत जे उरेल तेही त्यालाच. वकील म्हणाला, काही अट घालायची असेल तर घाला. मी लग्नापासून घालून पाहिल्या आहेत. उपयोग होत नाही.

कलम ५. खालचं दुकान, सगळी हत्यारं आणि गिऱ्हाइकांची कटकट धाकट्या बहिणीला, कारण अर्ध्याहून जास्त काम तीच करते आणि बोलून मीच दाखवते. माझा मोठा पाना तिने कोणालाही उसना देऊ नये, विशेषतः जो माणूस “दोन मिनिटांत आणतो” म्हणेल त्याला.

कलम ६. नणंदेला कुकरची शिट्टी. माझा कुकर ती एका दिवसासाठी म्हणून घेऊन गेली आणि त्याला तिच्या स्वयंपाकघरात फार आवडलं. शिट्टी मी आधीच काढून ठेवली होती. तेव्हापासून दोघी अडून बसलो आहोत. आता वाजव म्हणावं, बाई.

कलम ७. होडी नवऱ्याचीच आहे, पण अंगण माझ्या नावावर आहे. होडीखाली कुत्री व्यायली होती म्हणून मी इतके दिवस बोलले नाही. पिल्लं मोठी होऊन गेली, आता होडी पालथी ठेवायला काही कारण उरलेलं नाही. म्हणून काल धाकटी आणि भोंगेवाले भावजी यांनी मिळून ती सरळ केली. मला डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हटलंय, म्हणून मी फक्त ओरडले. वरून खिडकीतून आवाज आला, “हळू! सुकाणू मोडाल!” होडीबद्दल तो वर्षभरात बोललेलं हे पहिलं वाक्य.

कलम ८. हे वाचताना नवऱ्याला पाणी आणायला पाठवावं. तो परत येईपर्यंत सहज वाचून होईल.

पेटी आणि तिची किल्ली मी भोंगेवाले भावजींना देत आहे. वकील म्हणतो, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. सदर कलम आजपासून लागू आहे. वकिलाने मान हलवली, हो की नाही ते मी बघितलं नाही.

पेटीला थांबवायचं बटण नाही, पण सुरू करायची किल्ली आहे. एकदा फिरवली की पहिला भोंगा, आणि त्यापुढे देव आला तरी ती थांबणार नाही, सगळ्यांना सारखं. पण किल्ली कधी फिरवायची हे पेटीला कळत नाही. ते माणसाने ठरवायचं. आजवर ती सेक्रेटरी फिरवायचे, उद्याच्या रविवारपासून भावजी फिरवतील. क्लबला पटत नसेल तर पेटी घरी आणावी आणि क्लबने तोंडाने भोंगा वाजवावा. पहिल्या भोंग्याच्या आधी सगळ्यांनीच थांबायचं असतं, त्यात लबाडी नाही. मी नीट विचार केला आहे.

किल्ली साक्षीदारांसमोर आत्ताच भावजींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

“वहिनी, उद्या तो उशिरा आला तर?”

“तर काय? थांबायचं.”

“आणि बाकीच्या होड्या?”

“शिव्या देतील. तुम्हाला सवय आहे.”

वरील सगळा मजकूर मी लिहिला, मीच वाचला, आणि तो मला मान्य आहे. मेल्यावर मला कोणी देवमाणूस म्हणू नये.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १: शेजारचा शिंपी. सही केली. मजकूर वाचला नाही म्हणतो, पण हसत होता.
साक्षीदार २: दवाखान्यातली नर्स, मुद्दाम बोलावली. सही केली.

ठिकाण: दुकानावरची पुढची खोली.
दिनांक: १४ मार्च २०२६, शनिवार.

टीप: सह्या झाल्यावर सगळ्यांबरोबर चहा घ्यायला नवऱ्याला वर बोलावलं होतं. “आलो” म्हणाला. चहा पिऊन झाला, अजून आलेला नाही. खाली अंगणात शीड झटकल्याचा आवाज येतो आहे. हाका मारू नका, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.